सिंगल, डबल मागाल तशी मिळायला व्हिसा म्हणजे सोलापुरी चादर नव्हे!

मित्रहो, पोस्ट लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरात पासपोर्ट आहे किंवा यंदा काढायचा विचार चाललाय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक जाहिरात सारखी दिसते. विमानाचं चित्र, आयफेल टॉवर, बुर्ज खलिफा आणि खाली ठळक अक्षरात : "मल्टिपल एन्ट्री व्हिसा खात्रीने करून मिळेल." कोणाची ते लिहीत नाही, कारण प्रश्न एकाचा नाही. असे दहा जण आहेत. माझं भांडण आहे ते त्या 'खात्रीने' या शब्दाशी.

सरळच सांगतो. युरोपचा असो की अमेरिकेचा, व्हिसा द्यायचा की नाही, दिला तर एकदाच आत यायचा की अनेकदा, हे त्या देशाची वकिलात ठरवते. सोलापुरातला, पुण्यातला, मुंबईतला कुठलाही एजंट ते ठरवत नाही. तो फॉर्म भरतो, कागद लावतो, तारीख घेतो. त्या कामाचे पैसे त्याने जरूर घ्यावेत. पण जी गोष्ट त्याच्या हातात नाही, तिची खात्री तो विकत असेल तर तो दुसऱ्याचं शेत आपलं म्हणून विकतोय. आपल्याकडे शेताच्या बाबतीत आपण सातबारा मागतो. इथं मात्र पासपोर्ट आणि रोख रक्कम हातात देऊन घरी येतो.

"वळसंगात कोण जातंय युरोपला? पाण्यावर लिहा, रस्त्यावर लिहा," असं काही जण म्हणतील. त्यावरही लिहितोच. पण आजूबाजूला नीट बघा. पुण्याच्या कंपनीतून अमेरिकेला गेलेली पोरं आपल्याच तालुक्यातली आहेत. सुनेचं बाळंतपण म्हणून सहा महिने तिकडं जाणारे आई-वडील आपलेच आहेत. उमराहला जाणारी कुटुंबं इथलीच. दुबईत ड्रायव्हर, वेल्डर, स्वयंपाकी म्हणून गेलेले इथलेच. रिटायर झालेले गुरुजी आता ग्रुप टूरने सिंगापूर करतात. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, तेव्हापासून तर बाहेर पडायची हौस आणखी वाढली. यातल्या बहुतेकांच्या घरात पहिलाच पासपोर्ट आहे. पैसा सहा-सहा वर्षं साठवलेला असतो. त्यामुळे हा चैनीचा विषय नाही, फसवणुकीचा आहे.

पत्रकार म्हणून लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. कोर्टाची नोटीस, विम्याचा नकार, तसेच आता व्हिसाचेही. त्यातून एक गोष्ट कळली. व्हिसावर तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोकांना त्यातला एकच सांगितलेला असतो.

पहिला आकडा : व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो. दुसरा : तेवढ्या काळात किती वेळा आत जाता येतं. तिसरा : आत गेल्यावर किती दिवस राहता येतं. सिंगल म्हणजे एकदाच प्रवेश. आत गेलात आणि बाहेर पडलात की व्हिसा संपला, मग त्यावर अजून वीस दिवस शिल्लक का असेनात. डबल म्हणजे दोनदा. मल्टिपल म्हणजे मुदतीत कितीही वेळा. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर ०१, ०२ किंवा 'एमयूएलटी' असं छापलेलं असतं. अमेरिकेच्या व्हिसावर मल्टिपलसाठी नुसतं 'एम' असतं. एवढं एक अक्षर वाचायला इंग्रजीची पदवी लागत नाही. कोणीतरी बोट ठेवून दाखवायला लागतं. तेच कोणी दाखवत नाही.

आता यातल्या थापा एकेक करून बघू.

थाप पहिली : "मल्टिपल पाहिजे असेल तर जादा पैसे लागतील." शेंगेन व्हिसाची सरकारी फी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५ युरो. सिंगल मिळाला तरी तेवढीच, मल्टिपल मिळाला तरी तेवढीच. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाची अर्ज फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, आणि भारतीयांना तो मिळाला तर साधारणपणे दहा वर्षांचा मल्टिपलच मिळतो. तिथंही 'मल्टिपलचा वेगळा रेट' अशी भानगड नाही. मग हे जादा दहा-पंधरा हजार कशाचे? विचारलं की उत्तर येतं, "साहेब, वर द्यावे लागतात." वर म्हणजे कुठं? बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत तुमच्या मुलाखतीच्या खिडकीपलीकडं बसलेल्या अधिकाऱ्याला इथला माणूस पाकीट पोचवतो, यावर तुमचा विश्वास बसतो का? बसत असेल तर कमाल आहे.

इथं एक फरक सांगायला पाहिजे. आखाती देशांचं गणित वेगळं आहे. दुबईच्या ३० किंवा ६० दिवसांच्या व्हिसात सिंगल आणि मल्टिपलचे दर खरोखर वेगळे असतात. इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा सहा महिने, दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मागता येतो आणि वर्षांप्रमाणे फी वाढते. म्हणजे जादा पैसे मागणारा प्रत्येक जण लबाडच, असं नाही. पण कुठल्या देशाचा कुठला दर, हे लेखी दाखवायला काय हरकत आहे? सरकारी फी इतकी, केंद्राची सेवा फी इतकी, माझे पैसे इतके. तीन ओळी. जो या तीन ओळी वेगळ्या करून देत नाही, त्याच्याकडं काहीतरी लपवायला आहे असं मी धरून चालतो.

थाप दुसरी : "दहा वर्षांचा व्हिसा आहे, बिनधास्त राहा." ही सगळ्यात घातक. एसटीचा महिन्याचा पास काढला म्हणून एसटीत मुक्काम ठोकता येतो का? पास म्हणजे चढायची-उतरायची मुभा. मल्टिपल व्हिसाचंही तसंच. अमेरिकेत किती दिवस राहायचं हे व्हिसा ठरवत नाही, तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेकदा सहा महिने देतो. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते आणि ती इंटरनेटवर बघता येते. त्या तारखेच्या पुढं राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला थांबायचं म्हणून थांबलेली आजी त्याच्या अकराव्या वाढदिवसापर्यंत जाऊ शकत नाही, असा याचा अर्थ. थांबायचंच असेल तर मुदत संपायच्या आत तिथं मुदतवाढीचा अर्ज करायचा असतो. हे आपल्या किती आज्यांना कोणी सांगितलंय?

युरोपचंही बघा. शेंगेनच्या २९ देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस. व्हिसा एक वर्षाचा मल्टिपल असला तरी हाच हिशोब. पूर्वी सीमेवरचा माणूस पासपोर्टवरचे शिक्के मोजायचा, एखादा दिवस नजरेतून सुटायचाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी संगणक यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता दिवस मशीन मोजतं. मशीनला "साहेब, एक दिवस सांभाळून घ्या" म्हणता येत नाही.

थाप तिसरी ही खरं तर थाप नाही, बेफिकिरी आहे. जिथं दोनदा आत जायचंय तिथं सिंगल व्हिसा घेऊन माणूस पाठवायचा. पॅरिसहून जर्मनीला, जर्मनीहून स्वित्झर्लंडला जाताना नवा प्रवेश मोजला जात नाही, कारण हे सगळे शेंगेनच्या एकाच कुंपणाच्या आत आहेत. पण लंडन कुंपणाबाहेर. पॅरिस बघून लंडन आणि लंडनहून रोम असा प्लॅन केला तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश झाला. हातात सिंगल असेल तर रोमच्या विमानात बसूच देणार नाहीत. तीच ठिकाणं आधी लंडन, मग पॅरिस, मग रोम अशी लावली तर सिंगलवर आरामात भागतं. पैसा तोच, शहरं तीच, फक्त क्रम बदलायचा. दुबईला जाऊन मध्येच ओमानच्या मुसंदमला बोटीची सहल करायची आणि परत दुबईत यायचं, तर तो दुसरा प्रवेश. सिंगापूर, मग मलेशिया आणि परतीचं विमान पुन्हा सिंगापूरहून, तर तिथंही दोनदा प्रवेश. हे सगळं प्लॅन करणाऱ्याला माहीत असायला पाहिजे. तो त्याचेच तर पैसे घेतो. आणि अडकल्यावर हा काय म्हणतो? "तुम्ही व्हिसा वाचला नाही का?" वा रे वा! तुमचं काम तुम्ही नाही केलं आणि दोष मास्तरांचा?

आता सौदीचं घ्या, कारण हा विषय आपल्या गावागावांत आहे. जून २०२४ च्या हजमध्ये भयंकर उन्हानं १,३०१ माणसं दगावली. सौदी सरकारनेच सांगितलं की त्यातले ८३ टक्के लोक विनापरवाना हजला आलेले होते. परवाना नाही म्हणजे गार तंबू नाही, बस नाही, उन्हात पायपीट. अशा विनापरवाना यात्रेकरूंमध्ये टुरिस्ट आणि व्हिजिट व्हिसावर येऊन हजपर्यंत थांबलेले बरेच असतात. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ पासून सौदीने भारतासह १४ देशांना पर्यटन, व्यवसाय आणि कौटुंबिक भेटीचे मल्टिपल व्हिसा देणं थांबवलं आणि सिंगल, ३० दिवसांवर आणलं. विनापरवाना हज रोखायचं, हे कारण सांगितलं गेलं. म्हणजे कोणीतरी कुठंतरी "टुरिस्ट व्हिसावर हज करून देतो" म्हणून पैसे उकळले, माणसं मेली आणि भोगावं लागलं कोणाला? रियाधला कामाला असलेल्या नवऱ्याकडं वर्षातून दोनदा जाणाऱ्या बाईला. म्हाताऱ्या आईला घेऊन रीतसर जाणाऱ्या पोराला. एका एजंटाची लबाडी पूर्ण देशाच्या पासपोर्टाला नडते ती अशी.

आणि चौथी, जिच्यावर पोलिसांनीच लक्ष घालायला पाहिजे : "टुरिस्टवर चल, तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करून घेऊ." पोरांनो, नीट ऐका. टुरिस्ट व्हिसा सिंगल असो, मल्टिपल असो, त्यावर काम करायला परवानगी नाही. परदेशी नोकरीला माणूस पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर आहे. त्याने किती सेवाशुल्क घ्यायचं यालाही मर्यादा आहे : तीस हजार रुपये अधिक जीएसटी. दोन-अडीच लाख मागणारा, टुरिस्ट व्हिसावर नेणारा, यादीत नसलेला माणूस तुमचा पाहुणा जरी असला तरी त्याच्या नादी लागू नका. तिकडं पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? कागदावर तुम्ही फिरायला गेलेले असता.

एवढं सगळं एजंटांवर ढकलून वकिलातींना मी मोकळं सोडत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांच्या वर अर्ज गेले. त्यातले साधारण १ लाख ६५ हजार नाकारले. नाकारला तरी फी परत नाही. माणशी नऊ-दहा हजार रुपये, चार माणसांचं कुटुंब असेल तर एका फटक्यात चाळीस हजार पाण्यात. आणि मंजूर झाला तरी कित्येकांना नेमक्या सहलीच्या तारखांपुरता सिंगल टेकवतात. कोणाला आत घ्यायचं हा त्या देशाचा हक्क आहे, मान्य. पण बोललं की फरक पडतो, हेही दिसलंय. १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केला. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टाची मुदत असेल तर पाच वर्षांचा. भारत आणि युरोप यांच्यातल्या वाटाघाटींच्या पार्श्वभूमीवरच हे झालं.

यातली खरी गोम लक्षात घ्या. मल्टिपल ही कमवायची गोष्ट आहे. पहिल्यांदा गेलात, नियमाने राहिलात, वेळेत परतलात, की दुसऱ्यांदा दार थोडं जास्त उघडतं. आणि एजंट काय सुचवतो? "खात्यात महिनाभरासाठी चार लाख फिरवून देतो, पगाराची स्लिप बनवून देतो." खोटा कागद पकडला गेला तर नकार येतोच, शिवाय त्या नकाराची नोंद युरोपच्या व्हिसा संगणकात पाच वर्षं राहते. म्हणजे मल्टिपलच्या नावाखाली तो तुमचा सिंगलसुद्धा घालवतो.

"सगळेच एजंट तसले नसतात," असं मला दोघा-तिघांनी सुनावलंय. बरोबर आहे. चांगले आहेत, मला माहीत आहेत. "काका, तुमच्या कागदांवर व्हिसा होणार नाही, पैसे वाचवा" असं तोंडावर सांगणारेही आहेत. पण त्यांचंच नुकसान होतंय की! खरं बोलणाऱ्याकडनं उठून गिऱ्हाईक 'खात्रीने' वाल्याकडं जातं. म्हणून नियम पाहिजे तो चांगल्यांना वाचवायला.

सरकार काय करतंय? परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की टीसीएस कापायला विसरत नाही. कर घेण्यापुरता हा धंदा सरकारला स्पष्ट दिसतो. मग तो धंदा करणाऱ्यावर देखरेख ठेवायची वेळ आली की दिसेनासा कसा होतो? नोकरीसाठी माणूस पाठवणाऱ्याला नोंदणी लागते, पण सहलीचा व्हिसा 'करून देणारा' उद्या सकाळी टेबल-खुर्ची टाकून बसू शकतो. पंजाबने २०१२ साली या लोकांसाठी कायदा केला, तिथं ट्रॅव्हल एजंटाला परवाना लागतो. त्याने फसवणूक संपली का? नाही संपली. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात पंजाबचे ३० होते. पण त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते, हे विसरू नका. परवाना असला की निदान कोणाचं दार वाजवायचं, कोणाचं लायसन रद्द करायचं, हे तरी कळतं. आपल्याकडं फ्लेक्स उतरला की माणूस गायब.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आमदार-खासदार, जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत जाव्यात अशी इच्छा आहे.

एक, महाराष्ट्राने व्हिसा आणि परदेशी सहलीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा करावा आणि जाहिरातीत 'खात्रीने' हा शब्द वापरायला बंदी घालावी.

दोन, पैसे घेण्याआधी गिऱ्हाईकाला मराठीत एक पानाचा कागद द्यावा. त्यावर देश, व्हिसाचा प्रकार, किती प्रवेश मागितलेत, सहलीत प्रत्यक्ष किती प्रवेश लागतात, राहायचे दिवस, सरकारी फी किती, एजंटाची किती, नकार आला तर काय परत मिळणार, हे सगळं लिहिलेलं असावं. खाली त्याची सही-शिक्का. आपल्या सीमाभागात हाच कागद कन्नडमध्येही असावा.

तीन, सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राजवळ आठवड्यातून एक दिवस तरी मोफत माहितीची खिडकी असावी. पासपोर्ट हातात पडतो त्याच दिवशी व्हिसाच्या या चार गोष्टी माणसाच्या कानावर पडल्या पाहिजेत.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्या सहलीत किती वेळा आत जायचंय? तुम्ही किती प्रवेशांचा व्हिसा मागताय? आत किती दिवस राहता येईल? नकार आला तर किती पैसे परत? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पैसे रोख न देता बँकेतून द्या. "एवढं कशाला विचारायलाव काका, विश्वास नाही का?" असं तो म्हणाला तर उठा आणि घरी या. व्हिसा हातात आला की नाव, पासपोर्ट नंबर, तारखा आणि प्रवेशांचा रकाना तिथंच तपासा.

फसला असाल तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. लाजेखातर लोक बोलत नाहीत. "गावात हसं होईल" म्हणून पन्नास हजार गिळतात. हसं फसणाऱ्याचं नाही, फसवणाऱ्याचं व्हायला पाहिजे.

कोणाकडं 'मल्टिपलचे जादा' म्हणून पैसे दिल्याची पावती, मेसेज असं काही असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. तुमचं नाव बाहेर येणार नाही. सगळं एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांकडं निवेदन द्यायचंय. नुसते लाइक नकोत, कागद पाहिजेत.